विनिफ्रेडचा हात

पेल्याच्या काठावर चहाची तपकिरी रेघ सुकलेली. पेला स्टीलचा, अर्धाच भरलेला—आईने तसाच मागितला होता. रविवारपर्यंत ती कपबशीतच चहा घ्यायची. कप बशीवर वाजायचा आणि मंजुषा ओट्याशी उभी राहून तो आवाज ऐकायची... ऐकायची कसली, पाठ करायची.

कारण तिला साकारायची होती ती विनिफ्रेड काही केल्या सापडत नव्हती. विनिफ्रेड ॲशबी, किशोरने लिहून बसवलेल्या नाटकातली इंग्रज नटी—समुद्रकाठच्या गावातल्या खानावळवालीची मुलगी, सतराव्या वर्षी लंडनच्या रंगमंचावर ट्रे घेऊन आलेली मोलकरीण, मग चाळीस वर्षं राण्या, विधवा, खुनी बायका. आणि शेवटची दहा वर्षं थरथरणारा हात शालीत लपवून केलेल्या भूमिका. प्रेक्षकांना तिने तो कधी दिसू दिला नाही. फक्त अखेरच्या प्रवेशात, रंगपटात एकटी असताना, ती शाल काढते. तीन महिने तालमी झाल्या, चाल जमली, आवाज जमला, हात मात्र खोटाच वाटायचा. आणि खरा तर घरातच होता. मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू ओवून पंचवटीत विकत आलेला, आता थरथरीमुळे सुईत दोरा न घालू शकणारा आईचा हात. मंजुषाने तो उचलला. विचारलंसुद्धा नाही.

रविवारी नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीचा प्रयोग. पहिल्या रांगेत आई. मंजुषाने शाल काढली, हात मोकळा सोडला आणि सहज आईकडे नजर गेली, तर ती आपला हात पदराखाली घेत होती. मंजुषाला दिसलं, स्वच्छ दिसलं... तरी ती थांबली नाही. उलट आणखी थोडं ताणलं, कारण सगळं थिएटर गप्प झालं होतं. अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवसापासून हा पेला.

उद्या अंतिम फेरी. काढून टाकावा का तो हात? किशोरला सांगावं, जमत नाही म्हणून... पण मग विनिफ्रेड उरतेच किती? आणि नाही काढला, तर आईपुढे कोणत्या तोंडाने उभं राहायचं? चार दिवस ती हेच घोळवत होती आणि आईशी भाजीपाल्यापलीकडे बोलत नव्हती.

"मंजे," आईने पेला खाली ठेवला. "तुझ्या त्या मडमेचं एक चुकलं."

"काय गं?"

"तू उजवा हलवला. माझा डावा हालतो आधी. उजवा त्याला धराया जातो, मंग तो बी हालाया लागतो." तिने दोन्ही हात पदरातून काढून मांडीवर ठेवले. "बघून घे नीट. उद्या परत चुकशील."

तेव्हा रडू यायला हवं होतं. पाय धरावेत, चुकलं म्हणावं... पण डोळे हातांवरून हलेनात—डावा, मग उजवा, अंगठा किंचित आत. आणि सगळ्यांत आधी झाला तो आनंद, सापडलं म्हणून. लाज त्याच्या मागून आली, त्याला आवरायला. तोवर मंजुषाने आईचा हात पाठ केला होता.