सासूबाई जखमी, सूनबाई खुर्चीत

निम्मी नोकरी अपघात विभागात काढल्यावर सिस्टरने शहराच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाच्या प्रमुखपदासाठी अर्ज केला. सासूबाई म्हणाल्या, "सुया टोचून कंटाळा आला, आता आगी विझवणार?" नेमणूक झाली, पण तात्पुरती. कायम करायचं की नाही, हे सराव बघून अग्निशमन दलाचे साहेब ठरवणार होते.

पहिल्या सरावात तिने माती खाल्ली. कोणती गाडी कुठे, कोणाकडे आधी, हे टेबलावरून ठरवायचं असतं. टेबल सोडायचं नसतं. एक खोटा जखमी पाय धरून कण्हू लागला आणि ही जिना उतरून पट्टी बांधायला धावली. जखम रंगाची, पट्टी मात्र खरी. तेवढ्यात सगळ्या गाड्या एकाच फाटकात अडकल्या.

"पट्टी फर्स्ट क्लास," साहेब म्हणाले. "पण पट्ट्या बांधणारे माझ्याकडे ढिगाने आहेत. पुढच्या वेळी खुर्ची सोडलीत, तर परत वॉर्डात."

ती पुढची वेळ आज आली. बस डेपोत खोटा अपघात, वरच्या मजल्यावर काचेमागे सिस्टरचं टेबल, शेजारी साहेब. हौशी जखमींत सासूबाईंनीही नाव घातलं होतं. कपाळाला लाल रंग लावून त्या उपाशीच आल्या होत्या. भरल्या पोटी जखमी कसं दिसायचं?

"सिस्टर, तुमच्या सासूबाईंनी डेपो डोक्यावर घेतलाय," वायरलेसवाला म्हणाला.

"घेऊ द्या. ओरडतायत म्हणजे श्वास चालू आहे. आधी तो भिंतीला टेकलेला माणूस उचला."

थोड्या वेळाने तिने खाली पाहिलं. सासूबाई गप्प होत्या. मान कलली होती. सिस्टर अर्धी उठली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. ती खाली बसली आणि तिने माईक ओढला.

"दोन नंबरची गाडी, निळ्या स्वेटरातल्या आजींकडे जा. हा सराव नाही, खरं आहे."

"कशावरून, सिस्टर?"

"लग्न झाल्यापासून त्या एवढा वेळ गप्प बसलेल्या नाहीत! मधुमेह आहे. साखर तपासा. शुद्धीवर असतील तरच गोड पाणी पाजा. बाकीच्या गाड्या मागच्या फाटकाने."

एका हाताने तिने खुर्ची घट्ट धरली होती. आवाज मात्र सरळ होता. गाड्या निघत राहिल्या.

अखेर वायरलेस खरखरला. "साखर उतरली होती. आता बऱ्या आहेत. बोलतायत."

"काय बोलतायत?"

"ते वायरलेसवर सांगण्यासारखं नाही."

सराव आटोपला तशा सासूबाई मदतनिसाच्या आधाराने जिना चढून आल्या आणि थेट साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "मी तिथे मरायला टेकले, आणि ही महामाया खुर्चीतून हलली नाही!"

"नक्की हलल्या नाहीत?"

"तसूभर नाही! शुद्धीवर आल्या आल्या आधी वर काचेकडेच पाहिलं मी."

"आजी, एवढंच हवं होतं." साहेब सिस्टरकडे वळले. "उद्यापासून कायम."

आता मात्र सिस्टर उठली आणि सासूबाईंची नाडी बघायला गेली. म्हातारीने हात पुढे केला, पण तोंड फिरवूनच.

"कायम म्हणजे घरी पण अशीच बसून हुकूम सोडणार का गं?"

"आधी जेवून घ्या," सिस्टर म्हणाली. "हा पहिला हुकूम."