उजवा कोपरा

शिट्टी वाजली तेव्हा गार्गी गवतात पालथी पडली होती आणि तिच्या दोन्ही हातांत समोरच्या संघातल्या नाद्याचा डावा घोटा होता.

पकड अशी झकास बसली होती, की क्षणभर तिला बरंच वाटलं. पुण्यातल्या क्लबात ती सहा वर्षं उजव्या कोपऱ्यावर उभी राहायची. चढाईला आलेली मुलगी परत फिरली की झेप आणि घोटा, एवढंच तिचं काम. सरांनी ही पकड बघितली असती तर खूश झाले असते. मग तिच्या नाकासमोर पंचांचा पिवळा रुमाल येऊन पडला आणि तिला आठवलं, ही कबड्डी नाही. हा फ्लॅग फुटबॉल आहे. इथे कुणाला धरायचं नाही, पाडायचं नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लटकत असतात, त्यातली एक ओढायची की पळणारीचं पळणं संपलं. सिंगापूरला आल्यापासून दोन वर्षं ती फितीच ओढत होती. मग इरा झाली, सोळा महिने मैदान सुटलं, आणि आज दमलेल्या अंगाला जे सगळ्यात जुनं येत होतं तेच त्याने केलं.

"सिस्टर," घोटा चोळत नाद्या म्हणाली, "फीत वर असते हां. खाली असतो तो पाय."

"सॉरी. खरंच सॉरी. दुखलं का?"

"पाय चालतो अजून. बघशील तू."

पंचांनी चेंडू दहा यार्ड पुढे नेला आणि गार्गीला बोट दाखवलं. परत असं झालं तर थेट बाहेर. कप्तान हुई मिन काहीच बोलली नाही, आणि तेच वाईट होतं. हुई मिन शाळेत गणित शिकवायची. ती ओरडली तर राग उतरला म्हणून समजायचं, गप्प बसली तर हिशेब चाललाय.

आज संध्याकाळी तिला पुढच्या हंगामाची यादी पाठवायची होती. संघात एकोणीस जणी आणि यादीत जागा चौदा. गेल्या सोळा महिन्यांत गार्गीचं नाव दोनच ठिकाणी आलं होतं, डॉक्टरांच्या कार्डावर 'इराची आई' म्हणून आणि नवऱ्याच्या, निशिकांतच्या, कामाच्या पासला जोडलेल्या डिपेंडंट पासवर. पाया लेबारच्या ऑफिसातली नोकरी तिने स्वतःच सोडली होती, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण ही यादी तिला हवी होती. इतकी हवी होती, की घरी ते मोठ्याने बोलायचीही लाज वाटे. सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, "ते कमरेचे पट्टे ओढायचे खेळ सुरू झाले का परत?" आणि ती हसून म्हणायची, "रविवारचं जरा जाऊन येते, आई."

तेरा-बारा. एका गुणाने त्यांचा संघ पुढे होता, पण चेंडू नाद्याकडे होता. गोलरेषा पंधरा यार्डांवर, ती गाठायला चार प्रयत्न, दोन मिनिटं.

या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन मागे उभी राहणारी आणि पुढे धावणाऱ्या आपल्या मुलींकडे तो फेकणारी. नाद्याला फेकायला यायचं नाही. चेंडू तिच्या हातून असा सुटायचा, जसं जड पार्सल कुणाच्या दारात टाकावं. पण ती पळायची, आणि या लीगमध्ये क्वार्टरबॅकला स्वतः पळायची मुभा होती. तिच्यावर चाल करून गेलेली मुलगी झेपावली, की नाद्या त्या झेपेनेच उघडलेल्या वाटेतून निसटायची. पहिल्या अर्ध्यात तिघी तिच्या मागे तोंडावर आपटल्या होत्या.

नाद्या लंगडत आपल्या जागी गेली आणि तेवढ्यात सायरन वाजला.

विजांचा सायरन. खांबावरचा पिवळा दिवा गरगर फिरू लागला. पाऊस नव्हता, नुसतं पासिर रिसच्या उंच इमारतींमागे आभाळ काळंनिळं होऊन बसलं होतं. सायरन वाजला की मैदान रिकामं करायचं, वाद नाही. चेंडू जिथल्या तिथे खुणेला ठेवून सगळ्याजणी छपराखाली पळाल्या.

छपराखाली निशिकांत इराला कडेवर घेऊन उभा होता. म्हणजे कडेवर घ्यायचा प्रयत्न करत होता. इरा धनुष्यासारखी मागे वाकली होती.

"किती वेळ चालतं हे?" त्याने विचारलं.

"दिवा थांबेपर्यंत."

"गार्गे, साडेपाच वाजलेत. सहाला मला निघावंच लागेल. साडेसहाला सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, त्या कॉलवर मीच नसलो तर..."

"माहितीये रे."

"मी हिला घेऊन गेलो असतो, पण ही कॉलमध्ये..."

"माहितीये म्हटलं ना."

म्हणजे पावणेसहाच्या आत दिवा थांबायला हवा. नाहीतर इरा तिच्या कडेवर, ती बाकावर आणि उरलेले चार प्रयत्न दुसरी कुणीतरी खेळणार. गार्गीने टॉवेल खांद्यावर टाकला, कोपऱ्यातल्या बाकावर पाठ करून बसली आणि इराला जवळ घेतलं. मघापासून छाती दगडासारखी झाली होती. इराने दोन मिनिटं मन लावून प्यायलं, मग एक हात टॉवेलबाहेर काढून दिव्याकडे केला. प्यायचं, बघायचं, परत प्यायचं. गार्गीने तिच्या घामेजल्या जावळावर ओठ टेकले. तिचा स्वतःचा उजवा पाय एकसारखा हलत होता, आणि त्या हलण्याने इराही डुलत होती.

मागे हुई मिन मुलींना सांगत होती. "दोघी पाठवू. डावीकडून एक, उजवीकडून एक. एकदम. विचार करायला वेळच द्यायचा नाही."

"नको," गार्गी पाठ न वळवताच म्हणाली.

"काय नको?"

"दोघी गेल्या तर तिला दोन वाटा मिळतील. तिला तेच पाहिजे असतं, कुणीतरी झेपावायला." इराने चावा घेतला, गार्गीने दात आवळले. "आमच्या कबड्डीत असंच असतं. एकटी येते, आम्ही सातजणी. जी आधी झेपावली ती बाद. कोपरे धरून ठेवायचे. मधे जागा द्यायची. वाट बघायची."

"तुमच्या कबड्डीत तिला परत घरी जावं लागतं," हुई मिन म्हणाली. "म्हणून तुम्ही वाट बघू शकता. इथे ती परत जात नाही ना. पुढे जाते. वाट बघशील तर गोल करून मोकळी."

मुद्दा बरोबर होता. आणि वर, आत्ता दहा मिनिटांपूर्वी स्वतः घोट्यावर झेपावलेल्या बाईने वाट बघण्यावर भाषण देणं म्हणजे कमालच होती. कुणीतरी खुदकन हसलंही.

तेवढ्यात इरा मांडीवरून घसरली.

नुकतंच चालायला, म्हणजे थेट पळायलाच लागलेली पोर. ती छपराच्या कडेकडे निघाली. कडेला हातभर रुंदीची कोरडी नाली होती, तिच्यापलीकडे हिरवंगार, रिकामं, बंदी असलेलं मैदान.

"ए इरा!" निशिकांत मागून धावला. ते ऐकून इरा खिदळली आणि वेग वाढवला. तो वाकून झेपावला, ती त्याच्या हाताखालून निसटली, आणि तो गुडघ्यावर आला.

"अरे मागे पळू नकोस! मागे पळालं की ती पळते!" गार्गी टॉवेल सावरत उठली. ती इराकडे गेलीच नाही. आडवी सरकली आणि इरा आणि नालीच्या मधे जाऊन उभी राहिली. इरा डावीकडे वळली, गार्गी डावीकडे एक पाऊल. इरा उजवीकडे, गार्गी उजवीकडे. हात पुढे नाहीत, घाई नाही, ओरडणं नाही. दुसऱ्या बाजूला बॅगांची रांग होती, तिकडून वाट नव्हती. इरा थांबली. आईच्या पोटाकडे बघितलं, बॅगांकडे बघितलं, मग दिव्याकडे. पळायला कुणी मागेच नाही म्हटल्यावर तिला काय करावं कळेना. शेवटी ती तिथेच फतकल मारून बसली आणि बोट चोखू लागली.

गार्गीने तिला उचललं. "रोज दोनदा असतं हे आमच्याकडे. लिफ्टसमोर."

हुई मिन तिच्याकडे बघत होती. हसत नव्हती.

"एक जण फक्त नाद्यावर," ती सावकाश म्हणाली. "ती हलेल तशी हलायचं. झेपावायचं नाही. दोघी बाहेरच्या कडा धरून. म्हणजे मागे चेंडू अडवायला एक कमी."

"पण ती फेकते कुठे?" गार्गी म्हणाली. "तिला पळू दिलं नाही तर फेकावं लागेल. फेकू दे की."

"फेकलेला लागला तर?"

"तर हरलो."

हुई मिनने मान हलवली. हिशेब चालला होता. "आणि तिच्यावर नजर ठेवणार कोण? तुला अजून एक फाउल परवडत नाही, गार्गी. तू बाहेर गेलीस तर आम्ही सहाजणी, आणि मग..." यादी हुई मिनच्या बॅगेत होती.

"मीच," गार्गी म्हणाली. तिने इराला घट्ट धरलं. "मला कोपरा येतो."

"काय येतो?" मराठी शब्द हुई मिनला कळला नाही.

"को-प-रा. ती जागा."

दिवा थांबला तेव्हा पाच चाळीस झाले होते. पलीकडून नाद्या घोट्याला बांधलेली बर्फाची चिंधी सोडत ओरडली, "सिस्टर, या वेळी वर!"

निशिकांतने इराला घेतलं. "सहा," तो म्हणाला. मग तिच्या तोंडाकडे बघून, "सहा-पाच. जा."

पहिला प्रयत्न. नाद्याने चेंडू घेतला आणि डावीकडे झेपावल्याचं नाटक केलं. गार्गी आडवी सरकली. पण बाहेरची कड धरलेली सू-लिन न राहवून आत धावली, आणि नाद्या तिने सोडलेल्या जागेतून आठ यार्ड घेऊन गेली. कशीबशी हुई मिनने मागून फीत ओढली.

"कडा!" हुई मिन किंचाळली. "सू-लिन, कडा सोडायची नाही!"

गोलरेषा सात यार्डांवर.

दुसरा प्रयत्न. या वेळी दोन्ही कडा जागच्या जागी. नाद्या डावीकडे, गार्गी डावीकडे. नाद्या थबकली, गार्गी थबकली. तिच्या पायांकडे बघायचं नाही, पाय खोटं बोलतात. नाभीपाशी बघायचं, ती शरीराच्या आधी कुठे जात नाही. नाद्या मधूनच घुसली. गार्गीने मागे सरकत सरकत तिला सू-लिनच्या अंगावर नेलं आणि सू-लिनने फीत ओढली. एक यार्ड. सू-लिन आनंदाने उड्या मारत होती. गार्गीने काहीच केलं नव्हतं.

तिसरा. नाद्या गोल फिरली आणि फिरता फिरता तिचा डावा पाय गार्गीच्या हाताएवढ्या अंतरावर आला. मोजा खाली घसरलेला, बर्फाने ओला झालेला, उघडा घोटा. गार्गीचं अख्खं शरीर खाली निघालं. खांदा, कंबर, बोटं. सहा वर्षांची सवय. तिने दोन्ही मुठींत स्वतःच्याच जर्सीची कड पकडली, इतकी घट्ट की शिवण उसवल्याचा आवाज आला, आणि पाय पुढे जाऊ दिला. घोटा गेला. मागून कंबर आली. तिने एक मूठ सोडली आणि फीत ओढली.

फीत हातात राहिली. पंचांचा रुमाल खिशातच होता.

"वर," नाद्या धापा टाकत म्हणाली. "शिकलीस."

छपराखाली निशिकांत घड्याळ बघत नव्हता. इरा त्याच्या खांद्यावर बसून त्याचे केस ओढत होती.

चौथा प्रयत्न. नाद्याने चेंडू घेतला, डावीकडे बघितलं, तिथे सू-लिन. उजवीकडे हुई मिन. मधे गार्गी, पाच पावलांवर, हात मोकळे, कुठेच न जाणारी. नाद्याने खांदा टाकून बघितला. गार्गी हलली नाही. अजून एकदा. कुणीच झेपावेना. आणि सबंध सामन्यात पहिल्यांदा नाद्या उभी राहिली. नुसती उभी. तिच्या चेहऱ्यावर मघाशी इराच्या चेहऱ्यावर होतं तेच आलं, आता काय करायचं ते. मागे त्यांची एक मुलगी खरोखरच मोकळी होती, हात वर करून ओरडत होती. गार्गीला ते ओरडणं ऐकू येत होतं. मान वळवली तर संपलं. तिने वळवली नाही.

नाद्याने चेंडू फेकला. तो गार्गीच्या डोक्यावरून गेला. आता तिने वळून बघितलं. चेंडू उंच, वाकडातिकडा जात होता. मोकळ्या मुलीने उडी मारली, बोटं लागली, आणि चेंडू बोटांवरून पुढे जाऊन नालीत पडला. चारही प्रयत्न संपले, तेरा-बाराच राहिलं.

त्यानंतरचा गोंधळ गार्गीला नीट आठवत नाही. सगळ्या सू-लिनवर पडल्या होत्या, का ते कुणालाच माहीत नव्हतं. नाद्या तिच्यापाशी आली, कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "काही करतच नव्हतीस तू. फार त्रास झाला मला," आणि लंगडत गेली.

गार्गी धावत छपराकडे आली. सहा-तीन. निशिकांतने इरा तिच्या हातात दिली, बॅग खांद्याला लावली. "जिंकलात?" आणि उत्तर ऐकायच्या आत तो एमआरटीच्या स्टेशनकडे अर्धा पोहोचला होता.

हुई मिन बाकावर यादी घेऊन बसली होती, पेन्सिलीने लिहीत. गार्गी जवळ जाऊन उभी राहिली. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण मान आपोआप वाकली. अकराव्या ओळीवर तिचं नाव होतं, आणि समोर, जागेच्या रकान्यात, इंग्रजी अक्षरांत 'कोपरा'.

"स्पेलिंग बरोबर आहे?" हुई मिनने विचारलं.

"आहे."

"बुधवारी साडेपाचला सराव. पोरीला आण. सू-लिनला तिच्यामागे पळवते मी."

गार्गीला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण इराने तेवढ्यात तिच्या कमरेची लाल फीत दोन्ही हातांनी धरली, ओढली, पट्ट्यातून सोडवली आणि ती तोंडात घालून, खाली उतरायला पाय झाडू लागली. खाली ठेवल्याबरोबर ती फीत फडकवत मैदानाकडे सुटली. गार्गी तिच्या मागे गेली नाही. नालीच्या बाजूने, आडवी, सरकू लागली.