तिसरी हाळी

तळहातावरचा शिक्का घामानं पसरायला लागला होता. जांभळा, वाटोळा, मधे कमळ की सूर्य काही कळत नव्हतं... व्हिडिओवाल्याकडे तिकीट-बिकीट नव्हतंच, पैसे घ्यायचे, हातावर ठप्पा मारायचा आणि माणूस पत्र्याच्या गोदामात ढकलायचा. मधेच बाहेर जाऊन यायचं तर पुन्हा हात दाखवायचा. बैलाला डाग देतात तसं झालं हे, असं चंद्रभानच्या मनात आलं होतं आणि तो स्वतःशीच हसलाही होता. पण मग त्याला दिसलं की रांगेत दोन माणसं सोडून पुढे सटवा उभा आहे. सटवानं ठप्प्यासाठी डावा हात पुढे केला. उजवा पँटीच्या खिशात होता, तो खिशातच राहिला.

तिथूनच मागे फिरायला पाहिजे होतं. ताडकळसच्या बाजारात माणूस काय एकाच कामाला येतो? कासरा घ्यायचा होता, बायकोनं, कमलबाईनं, मिरच्या आणि मीठ सांगितलं होतं, साडेचारची एसटी होती. पण हातावर शिक्का बसला होता आणि पैसे गेले होते, आणि शिवाय — शिवाय सटवानं पाहिलं असतं. मी फिरलो, हे त्यानं पाहिलं असतं. म्हणून चंद्रभान आत गेला आणि भिंतीला पाठ लावून, सटवाच्या मागे तीन रांगा सोडून बसला. एवढ्या वर्षांत त्याला ही सवयच जडली होती: सटवा कुठं आहे ते आधी बघायचं आणि त्याच्या मागे बसायचं.

पिक्चर इंग्रजी होता, पण त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. दोन पोरं, दोन पोरी, चौघं मित्र. गाडी घेऊन जंगलात आलेले, निळा तंबू ठोकलेला, आणि झाडीत कुणीतरी माणूस त्यांच्या मागावर. का, ते कुणी सांगत नव्हतं. लोकांना तंबूचंच हसू येत होतं. घरदार असताना पैसे मोडून रानात झोपायला जायचं म्हणजे अक्कल गहाण टाकण्याचाच प्रकार! आमी तर रोजच झोपतो, आमचाबी पिक्चर काढा म्हणावं, असं पुढून कुणी म्हणालं आणि गोदाम खदखदलं. चंद्रभानही हसला, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात आलं की सटवाचे खांदे हललेले नाहीत.

झाडीतल्या माणसाचं तोंड अजून दिसलं नव्हतं. दिसत होतं ते फक्त त्याला दिसणारं — ओली पानं, बाजूला सरणारी फांदी, आणि त्या फटीतून चौघांच्या पाठी. श्वास ऐकू यायचा तोही त्याचाच. लोक त्या पोरांना पळा, पळा म्हणून ओरडत होते, पण ओरडणारे सगळे त्या माणसाच्याच डोळ्यांनी बघत होते आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं. पानांच्या फटीतून ओळखीची पाठ कशी दिसते, हे चंद्रभानला पिक्चरनं शिकवायची गरज नव्हती. आत्ता समोरच होती ती, तीन रांगा पुढे, मानेवर बारीक कापलेले केस...

तीन शेतं लागून होती. चंद्रभानचं, व्यंकटीचं, आणि मधे ओढ्याच्या काठाला सटवाच्या बापाचं दीड एकर. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं यायची, आणि मग तिघं आपापल्या माळ्यावर जागलीला. तिघांची एक रीत होती, ती दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती: अधूनमधून एकानं हाळी द्यायची — होऽऽ — आणि बाकीच्या दोघांनी तशीच उलट द्यायची. नाव नाही, शब्द नाही. पहिल्या हाळीला उत्तर आलं नाही तर गड्याचा डोळा लागलाय. दुसरीला नाही तर एक करकरीत शिवी. आणि तिसरीलाही नाही, तर कंदील उचलून पळत सुटायचं, कारण मग त्याला पान लागलेलं असणार. रात्रीचं सापाचं नाव घेत नाहीत. आणि एकदा खरंच लागलं, व्यंकटीला. तिसऱ्या हाळीलाही तो मुका राहिला तेव्हा सटवानं त्याला पाठीवर घालून गावापर्यंत पळवत आणला, वाटेत एकदा टेकला नाही. व्यंकटी वाचला. त्याच्या आईनं सटवाला घरातल्या पितळी पेल्यात चहा दिला, डोळ्याला पदर लावला, आणि तो गेल्यावर पेला चुलीच्या विस्तवात घालून काढला. चंद्रभान तिथंच बसला होता. तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नव्हतं.

मग ते अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं म्हणून रेडिओनं सांगितलं, आणि ज्यांनी जन्मात विद्यापीठाचं तोंड पाहिलं नव्हतं त्यांचीच डोकी आधी फिरली. चंद्रभानचा थोरला चुलतभाऊ बन्सीधर त्यांत पुढे. सटवा तेव्हा परभणीला कॉलेजात होता, त्यानं चावडीवर बसून तो ठराव पेपरातून मोठ्यानं वाचून दाखवला, एवढाच त्याचा गुन्हा. भरदुपारी सटवाची वस्ती पेटली. बायापोरं ओढ्याओढ्यानं पिंगळीच्या स्टेशनाकडे गेली. सटवानं आईला, चांगुणाबाईला, त्यांच्यात लावून दिलं आणि लोक आपल्या मागं यावेत म्हणून तो उलटा, हायब्रीडच्या रानात शिरला. ज्वारी छातीला लागत होती. पाऊस भुरभुरत होता. बांधावर पंधरा-वीस जण, हातात कुऱ्हाडी, काठ्या; त्यांत चंद्रभानही, व्यंकटी नव्हता. पण ओल्या रानात बसलेला माणूस सापडतो कुठं? ते दमले होते. आणखी घटकाभर गेली असती तर शिव्या देत घरी गेले असते. आणि मग बन्सीधर चंद्रभानकडे वळून म्हणाला होता —

हाळी दे म्हणाला. असंच म्हणाला तो. आणि मी दिली ती भीतीनं दिली. नाही, भीतीनं नाही... मी दिली ती सटवाला कळावं म्हणून, की बाबा मी इथं आहे, लोक इथं आहेत, तू खाली राहा. गेली दहा वर्षं चंद्रभान हे दोन्ही स्वतःला सांगत आला होता, एक दिवस हे, एक दिवस ते, आणि दोन्हीवर त्याला झोप लागत होती. पहिल्या हाळीला रान गप्प होतं. दुसरीलाही गप्प. तिसरीला, बांधापासून वीस पावलांवर, ज्वारीच्या बुडातून उत्तर आलं. होऽऽ. बारीक, गळ्यातल्या गळ्यात, आलं आणि लगेच तुटलं. तुटलं तरी काय, लोकांना तेवढं पुरे होतं.

सटवाच्या उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत आणि तो पाय ओढत चालतो. पोलीस चौथ्या दिवशी आले. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यानं सात नावं सांगितली. बन्सीधरचं पहिलं. चंद्रभानचं नाव त्यात नव्हतं. बन्सीधर आठ दिवसांनी हार घालून परत आला, आता सोसायटीचा चेअरमन आहे, सुखात आहे. नाव आलं नाही त्याचेच हाल. का घेतलं नाही सटवानं? त्यानं आवाज ओळखला नाही म्हणावं तर उत्तर कुणाला दिलं? विचारायची सोय नव्हती, आणि न विचारता दहा वर्षं काढणं म्हणजे काय, ते चंद्रभानला कुणी विचारत नव्हतं.

पडद्यावर आता तंबूत एकटी पोरगी उरली होती. बाहेरून तिला कुणी हाक मारत होतं, तिच्याच जोडीदाराचा आवाज, आणि तो आवाज काढायला लावणारा त्याच्या मागे उभा होता. तिचा हात तंबूच्या चेनीवर. गोदाम गलका करत होतं, उघडू नको, उघडू नको. त्या गलक्यात सटवा शेजारच्या माणसाला सांगत होता, अगदी पिकपाण्याचं बोलावं तसा.

"उघडतीच ती. आवाज वळखीचा हाय."

चंद्रभानला पुढचं काही दिसलं नाही. तो शिक्का पायजम्याला पुसत राहिला, शिक्का नुसता फासला.

एसटीत गर्दी होती. फाट्यावर दोघंच उतरले. तिथून गाव कोसभर, पायवाट, दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेली शाळू; दिवस बुडत होता. सटवा परभणीच्या कचेरीत कारकून झालेला, बाजाराच्या दिवशी आईला भेटायला यायचा. तो थांबला, पिशवी डाव्या हातात घेतली.

"चला की, चंद्रभानराव. बरुबर जाऊ."

"तुमी व्हा म्होरं," चंद्रभान म्हणाला. "मी येतोच."

सटवाला आपण तुमी म्हणालो, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. सटवानं मान हलवली आणि तो पाय ओढत निघाला. चंद्रभाननं उगाच चपलेचा अंगठा ओढून पाहिला, नव्या कासऱ्याची गाठ सोडून पुन्हा मारली, मग चालू लागला. वळणावर शाळूच्या ताटांच्या फटीतून सटवाची पाठ दिसली. चंद्रभान थबकला, कारण आपण पाय न वाजवता चालतोय, हे त्याच्या लक्षात आलं. पाठ वळणाआड गेली. चप्पल फरफटायचा आवाज थांबला.

होऽऽ.

दहा वर्षांत ती हाळी त्या रानात कुणी दिली नव्हती. चंद्रभानला काही कळायच्या आत त्याचे पाय वाट सोडून ज्वारीत शिरले होते आणि तो खाली बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन, पानांची धार कानाला लागत होती. आपल्याला कुणी मारायला आलेलं नाही, एक लंगडा माणूस वाटेवर उभा आहे, हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो आणखी खाली दबला.

होऽऽ.

आणि उत्तर वर आलं. त्यानं आणलं नव्हतं. शिंक यावी तसं ते आपसूक, पोटातून गळ्याशी आलं. त्यानं हात तोंडावर दाबला, शिक्क्याच्या शाईचा वास नाकात गेला. म्हणजे हे असं होतं तर. विश्वास नाही, मैत्री नाही, काही नाही — हाळीला गळाच उत्तर देतो. सटवा तिथं असा बसला होता. दोनदा त्यानं असाच हात दाबून धरला असणार.

आणि बन्सीधर... बन्सीधर कधी जागलीला गेलाच नव्हता. त्याच्या रानात सालगडी जागायचे, त्याला हाळी ठाऊक असायचं कारणच काय? तो म्हणाला होता, "तुझा दोस्त हाय न्हवं त्यो? बोलव त्येला." बोलव, एवढंच. सटवा म्हणून नावानं हाक मारली असती तर तो खाली दबून राहिला असता, आणि बन्सीधरचंही मन राखलं गेलं असतं. जिभेवर नावही आलं होतं. पण बांधावरचे वीस जण आपल्याकडे बघत होते, आणि काय दिलं म्हणजे तो बाहेर येईल, हे त्या वीस जणांत एकट्या चंद्रभानला माहीत होतं. एकदा दिली. गप्प. दुसरी दिली. मग तिसरी.

वाटेवर चप्पल एकदा वाजली आणि पुन्हा थांबली. सटवा पुढेही जात नव्हता, मागेही येत नव्हता. अंधार ताटांच्या बुडातून वर चढत होता, आणि चंद्रभान तोंडावर हात दाबून बसला होता. गळ्यात उत्तर केव्हाच येऊन थांबलं होतं. तिसरी हाळी तेवढी अजून व्हायची होती.