आक्काबाई गवंडी आणि तिची थापी

मित्रांनो, बांधकामावर विटेवर सिमेंट-वाळूचा माल पसरणारी लोखंडी थापी तुम्ही पाहिली असेल. मी तशीच एक जुनी थापी आहे. माझं पातं झिजून निम्मं झालंय आणि लाकडी मूठ तीनदा बदलली आहे. शेवगावच्या एका लोहाराने मला घडवलं आणि काष्टीच्या बाजारात पुंजाराम मिस्त्रींनी मला विकत घेतलं.

मिस्त्रींच्या हाताखाली आक्काबाई नावाची बिगारी होती. माल कालवायचा आणि घमेलं डोक्यावर घेऊन शिडी चढायची, एवढंच तिचं काम. पण घमेलं रिकामं झालं तरी ती लगेच खाली उतरत नसे. मिस्त्रींचा हात कसा वळतो, ते बघत क्षणभर उभी राही. पुढे मिस्त्रींना मोतीबिंदू झाला. एका दुपारी विटांचा थर वाकडा चालला होता. तिला राहवलं नाही.

"मिस्त्री, ह्या अंगाला भित बाहेर आलीया," ती हळूच म्हणाली.

मिस्त्रींनी बोटांनी चाचपून पाहिलं. मग मला तिच्यापुढे धरून म्हणाले, "तुला दिसतंय तर तूच कर नीट."

त्या दिवशी तिने मला इतकं घट्ट धरलं होतं, की तिच्या तळहाताचा घाम माझ्या मुठीत मुरला. महिन्याभरात तिचा हात सैल झाला आणि मला कळलं, की हा हात कामाचा आहे.

पुढची चौदा वर्षं आम्ही दोघींनी भिंती बांधल्या. शाळेचं कुंपण, पाण्याची टाकी आणि कितीतरी घरं. लोक मिस्त्रींचं कौतुक करत. मिस्त्री म्हणत, "मी नुसता बसून हाय. हात तिचा हाय." लोकांना ती थट्टा वाटे. हजेरीवहीत मात्र तिच्या नावापुढे 'बिगारी' हाच शब्द राहिला.

वारण्याआधी मिस्त्रींनी मला तिच्याकडे सोपवलं. ती मला घेऊन दुसऱ्या ठेकेदाराकडे गेली. "बाईमाणूस कुठं गवंडी असतं व्हय? घमेलं उचल," तो म्हणाला. तिने घरी येऊन मला पोत्यात गुंडाळलं आणि पत्र्याखालच्या फळीवर ठेवून दिलं. तिथे मी तीन वर्षं गंजत पडले.

मग एके दिवशी तिची मुलगी यशोधरा संगमनेरच्या कॉलेजातून सुट्टीला आली, ती बातमी घेऊनच. "आई, काम करून शिकलेल्यांची तालुक्याला परीक्षा हाय. शाळा किती झाली ते बघत न्हाईत, काम बघत्यात. पास झालं की सरकारी प्रमाणपत्र मिळतं."

"मला सहीपुरतं लिहिता येतं गं. नापास झाले तर सगळं गाव हसंल."

"हसू दे. आत्ता तरी कोण तुला गवंडी म्हणतंय?"

आक्काबाईने उठून मला फळीवरून काढलं आणि विटेच्या तुकड्याने घासत बसली.

परीक्षेला आठ पुरुष होते आणि ही एकटी बाई. दुपारपर्यंत भिंतीचा एक कोपरा बांधायचा होता. चौथा थर झाल्यावर भिंत सरळ आहे का ते बघायला तिने दोरीचा ओळंबा सोडला. थर किंचित सुटला होता. तिने माझ्या टोकाने तो अख्खा थर उचकटून काढला.

"मावशी, तेवढं चालतं," शेजारचा म्हणाला.

"मला न्हाई चालत."

वेळ संपली तेव्हा तिचा कोपरा सगळ्यांपेक्षा एक थर कमी होता. ती मला पुसू लागली. परीक्षक शामकांत सर जवळ आले.

"थर का काढलात?"

"ओळंब्यातून सुटला हुता, सर. खाली केसभर चुकलं की वर बोटभर दिसतं."

"आणि विटा आधी भिजवल्यात त्या कशासाठी?"

"कोरडी वीट मालातलं पानी पिती. मग माल भुसभुशीत व्हतो."

"कोणी शिकवलं हे?"

"पुंजाराम मिस्त्रींनी. त्यांचं नाव लिवा."

फॉर्मवर गुरूच्या नावाला जागा नव्हती. सरांनी ते समासात लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. यशोधराने मोठ्याने वाचलं, तिच्या आईचं पूर्ण नाव आणि खाली 'गवंडी'. आक्काबाई म्हणाली, "परत वाच." मुलीने तीनदा वाचलं. आता तालुक्याला मुलींच्या वसतिगृहाचं काम चाललंय. तिथे ती गवंडी म्हणून जाते आणि गोजरबाई नावाच्या एका बिगारी बाईला माझ्यावर हात बसवायला शिकवते. मिस्त्री, यशोधरा, सर, या सगळ्यांची मी ऋणी आहे. त्यांच्यामुळे मला पुन्हा काम मिळालं.

मित्रांनो, घरातली हत्यारं वापरून झाली की धुऊन, पुसून ठेवत जा. आणि राबणाऱ्या माणसांना कधीतरी थांबून विचारा, "तुम्हाला काय काय येतं?" शामकांत सरांनी निघताना आक्काबाईला हेच विचारलं होतं. पन्नास वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. ती सांगू लागली, आणि सगळं सांगून व्हायला ती अख्खी दुपार पुरली नाही.