मोरिताबाईंचं बोट

जपानच्या शाळेत तीन वर्षं मी नुसता चालताबोलता टेपरेकॉर्डर होते. धडा मोरिताबाई शिकवायच्या. त्यांनी बोट वर केलं की मी एक इंग्रजी वाक्य वाचायचे आणि सगळा वर्ग ते एका सुरात परत म्हणायचा. पुन्हा बोट वर होईपर्यंत मी गप्प. असला वैताग यायचा! मी टीचर आहे की पोपट? शेवटी नोकरी सोडून कॅनडात कॅल्गरीला आईबाबांकडे परतले.

आज इथल्या शाळेत माझा पहिला तास होता. वर्ग माझा, गोष्ट मी निवडलेली, बोट दाखवणारं कुणी नाही. झोकात पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले. मुलं माझ्याकडे बघत राहिली, मी त्यांच्याकडे. मग लक्षात आलं, मुलं ते परत म्हणतील म्हणून मी वाट बघतेय! बाहेर उणे वीस आणि मला घाम फुटला. उरलेली गोष्ट घाईघाईने वाचून टाकली.

पुढच्या रांगेतल्या मुलीने हात वर केला. "मिस, गोष्टीतल्या त्या मुलाने घर सोडलं ते बरोबर केलं का? व्हॉट डू यू थिंक?"

मी तोंड उघडलं, आणि आधी डावीकडे वळून पाहिलं. मोरिताबाई नेहमी तिथे उभ्या असायच्या.