भोकं पडलेला उतार

“आधी गल्लीप्रमाणे लाव, मग उंबरा ओलांड,” बाबा म्हणायचे. ते पोस्टमन होते. सकाळी पत्रांचा गठ्ठा जमिनीवर पसरायचा आणि सात वर्षांची मी एकेका गल्लीची चवड रचायची. तो आवाज कानात घेऊनच मी या कामाला हात घातला होता.

विमानातून लेझरने टिपलेला अख्खा डोंगर आमच्याकडे आला होता तो बिंदू बिंदू होऊन. तीनशे फायली, अब्जावधी बिंदू, विमान जसं उडालं त्या क्रमाने. एवढासा उतार पाहायचा तरी संगणक सगळ्या फायली पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळत बसे. म्हणून मी जमिनीचे चौकोन पाडले आणि कुठल्या चौकोनाचे बिंदू कुठल्या फायलीत कितव्या क्रमांकावर आहेत, याची सूची केली. आता उतार मागितला की मिनिटात हजर.

पण भोकं पडून. जिथे भेग दिसायला हवी, नेमका तिथेच काळोख.

त्या उताराखालची चाळीस घरं नऊ दिवस शाळेच्या सभागृहात झोपत होती. उतार सरकतोय की थांबलाय, हे आम्ही सांगितल्यावरच त्यांना दारं उघडता येणार होती. रोज सकाळी तिथून एका आजींचा फोन येई. कुंड्यांना पाणी घालायला तरी जाऊ का, एवढंच विचारत. मी रोज नाही म्हणे.

मी सूची ओळ न् ओळ तपासली. फायलींची नावं तीच, आकार तोच, तारखाही त्याच. म्हणजे चूक माझीच, दुसऱ्या कुणाची असणार? डोळे चुरचुरत होते, चहावर साय धरली होती. शेजारून कुणीतरी विचारलं, डोंगराला उंदीर लागलेत का. हसू आलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं की माझी हुशारी पुरे झाली, ती सूची काढून टाका आणि जुन्या पद्धतीने करा, लागू देत आठ दिवस. आणखी आठ दिवस!

मला हे काम शिकवणारे मास्तर खिडकीशी चष्मा पुसत बसले होते. पुसलेलाच पुन्हा पुसत होते. माझ्या बाजूने एखादा शब्द बोलतील असं वाटलं होतं. बोलले नाहीत. साहेबांपेक्षा त्यांचाच राग जास्त आला.

मी सूची पुसायला घेतली, तशी त्यांची खुर्ची करकरली.

“नको पुसू, पोरी.” आवाज साहेबांच्या दारापर्यंत जाईल इतका मोठा होता. “तुझी सूची बरोबर आहे. सोमवारी, ती झाल्यावर, झाडं आणि जमीन वेगळी करताना मी उताराच्या फायलींतले बिंदू उंचीप्रमाणे पुन्हा लावले. त्यामुळे तुझ्या सूचीतले क्रमांक भलत्याच बिंदूंवर पडले. सवयीने तारखा जुन्याच ठेवल्या. काल भोकं पाहिली तेव्हाच मला कळलं होतं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं माझ्या हातून, म्हणून तोंड उघडेना. मूळ प्रत माझ्या डिस्कवर आहे. चूक माझी होती.”