पिराजी चुकत नाही

टेक १

शॉट असा आहे. मलकापूरजवळच्या एका गावातलं शाळेचं मैदान. दोन रंगरूट शेजारी शेजारी उभे: ज्ञानू, काठीसारखा, आणि पिराजी, पिंपासारखा. समोर उस्ताद. उस्ताद ओरडतो, पीछे मुड. ज्ञानूनं बरोबर, म्हणजे उजवीकडून वळायचं. पिराजीनं चुकून डावीकडून. मध्येच दोघं समोरासमोर येतात, ज्ञानू पिराजीच्या पोटावर आपटून मागं उडतो. बारा सेकंद.

पिराजी उजवीकडून वळला. टक्कर झाली नाही.

टेक २

उजवीकडून.

टेक ३

उजवीकडून, आणि इतक्या झोकात की उस्तादाच्या तोंडून “शाबास” गेलं. पटकथेत शाबास नाही.

पटकथा स्नेहलची, म्हणजे ज्ञानूच्या पुतणीची. कॅमेरा म्हणजे तिचाच फोन, तिवईवर बांधलेला. ज्ञानू शिंपी, पिराजी दुधाचा टेम्पो चालवतो. पण पंधरा वर्षं शाहूवाडीतल्या एकेका जत्रेत ही जोडी स्टेजवर पडत, धडपडत आली आहे आणि लोक त्यांना बघून डोळे पुसेपर्यंत हसतात. त्यांची ही पहिली फिल्म. अठरा मिनिटांची. बाकी सगळी झाली आहे, हा एक शॉट राहिलाय. फौजी पोशाख भाड्याचे आहेत, उद्या सकाळी कोल्हापूरच्या दुकानात परत द्यायचे. पाऊस चार दिवसांनी उघडला आहे तो किती वेळ, सांगता येत नाही. हा शॉट नाही तर फिल्म नाही, कारण पुढची सगळी गंमत या टक्करीतून निघते.

टेक ४

दूध संस्थेतून पिराजीसाठी स्नेहलच्या फोनवर फोन आला. कॅमेरा म्हणजे तोच फोन. टेक संपला.

(रेकॉर्ड न झालेला भाग)

उस्ताद म्हणजे सुभेदार विजयसिंह. सव्वीस वर्षं पलटणीत, त्यातली नऊ रंगरुटांना कवायत शिकवण्यात. फिल्ममध्ये काम करायला ते एका अटीवर तयार झाले होते: लष्कराची टिंगल वाटली तर मैदान सोडून जाणार. पटकथा त्यांनी लाल पेनानं तपासून दिली होती. हुकूम दुरुस्त केले होते. विनोदांना हात लावला नव्हता.

चौथ्या टेकनंतर ज्ञानूनं पिराजीला चिंचेखाली नेलं.

“जत्रंत दर वर्साला पडतोस की. दोन-दोनदा पडतोस. आज काय झालंय?”

“जत्रंत सुभेदार नसत्यात.”

ज्ञानूला सगळं ठाऊक होतं, तरी पिराजीनं पुन्हा सांगितलं. तीनदा भरतीला गेलेला. तीनदा पळण्यात पहिल्या दहांत. तेव्हा तो पिंप नव्हता. तीनदा डॉक्टरनं तळपाय बघितले आणि बाजूला काढला, तळपाय सपाट. त्या वर्षांत पहाटे मलकापूरच्या रस्त्यावर तो एकटाच स्वतःला हुकूम सोडायचा आणि स्वतःच पाळायचा. आज पहिल्यांदा खरा उस्ताद खऱ्या आवाजात हुकूम देत होता. डावीकडं वळायचं तो ठरवत होता. पाय ऐकत नव्हते.

“मला चुकायचं न्हाय असं न्हाय,” तो म्हणाला. “पर त्यांच्याम्होरं न्हाय चुकवत.”

टेक ५

ज्ञानूनंच चुकून बघितलं. दोघांची पाठ एकमेकांकडे झाली. टक्कर नाही.

टेक ६

सुभेदार म्हणाले, मी दाखवतो. चुकण्याचे अकरा प्रकार त्यांनी नऊ वर्षांत मोजले होते: उजव्या पायाबरोबर उजवा हात टाकणारा, हुकूम यायच्या आधी वळणारा, वळून झाल्यावर पुन्हा वळणारा. तोंडी सांगत होते तोवर स्नेहल पोट धरून हसत होती. मग ते करून दाखवायला उभे राहिले. स्वतःला हुकूम दिला, पीछे मुड.

उजवीकडून वळले. टाच वाजली.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा टाच वाजली.

मैदानावर आता न चुकणारी माणसं दोन झाली. सुभेदार थोडा वेळ पिराजीकडं बघत राहिले. मग स्नेहलकडं आले. फोनात कुठवर दिसतं, त्यांनी विचारलं. बांधाच्या पल्याड, पार भाताच्या खाचरापर्यंत, ती म्हणाली. खाचर कुणाचं? आमचंच, चिखलणी झालीया, लावण परवा. पोशाख धुता येतात का? येतात, पण वाळणार कधी? चुलीपुढं, सुभेदार म्हणाले, आणि आपल्या जागी जाऊन उभे राहिले. दोघांना सांगितलं, टक्कर विसरा. नुसती कवायत करायची, जमेल तितकी नीट.

टेक ७

सावधान.

पीछे मुड. दोघं उजवीकडून.

तेज चल.

पिराजी निघाला. हात खांद्याच्या उंचीला, हनुवटी वर. मागून ज्ञानू, टोपी डोळ्यांवर. मैदान संपलं. आता “थम” यायला हवं होतं. आलं नाही. ज्ञानूनं मान वळवून बघितलं. पिराजीनं बघितलं नाही. बांध चढला, उतरला, खाचरात गेला. पहिल्या पावलाला घोट्यापर्यंत, चौथ्याला गुडघ्यापर्यंत. एक बूट चिखलानं ठेवून घेतला. हात खांद्याच्या उंचीलाच. ज्ञानू मागून शिव्या देत, घसरत, त्याचा पट्टा धरून.

“थम.”

पिराजी थांबला. एक, दोन. चिखलात टाच वाजत नाही, पण मारली.

स्नेहलनं हसू दाबायला ओढणीचा बोळा तोंडात धरला होता. सुभेदार बांधापर्यंत चालत आले, इस्त्रीच्या पॅन्टसकट. पिराजी अजून सावधानमध्येच. कपाळावरून घाम गळतोय, पुसत नाही.

“असा रंगरूट मला नऊ वर्षांत न्हाई मिळाला,” सुभेदार म्हणाले. मग आवाज चढवून: “विश्राम.”

विश्रामला डावा पाय उचलून बारा इंच बाजूला ठेवायचा असतो. पिराजीनं नियमाप्रमाणे उचलायला घेतला. पाय आला नाही. बाकीचा पिराजी गेला. सबंध, आडवा, शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या ज्ञानूवर.

शॉट एक मिनिट चाळीस सेकंदांचा झाला. शेवटी चिखलातून आधी ज्ञानूचा हात वर येतो, मग पिराजीचं तोंड, आणि ते तोंड भलतंच खूश आहे. मागं कुणीतरी खदखदून, खोकला येईपर्यंत हसतंय. तो आवाज उस्तादाचा. पटकथेत उस्ताद शेवटपर्यंत हसत नाही. स्नेहलनं पटकथा बदलली.